गोल अँटेना

"आलं का?"

"आलं, आलं! थांबा, हलू नका... गेलं."

"आता?"

"आता माणसं दोन-दोन दिसतायत."

"आता?"

"आता एकही नाही. नुसत्या मुंग्या!"

केबिनच्या टपावर आमचे हे, अँटेनाची दांडी दोन्ही हातांनी धरून उभे, आणि खाली केबिनमध्ये टीव्हीसमोर मी, गळा फाडून ओरडतेय. असा आमचा रविवार संध्याकाळचा पिक्चर. छपरावर चढून अँटेना फिरवणारी माणसं मी पोफळीला वीज केंद्राच्या वसाहतीत खूप पाहिली होती. माझे वडीलच त्यात सगळ्यांच्या पुढे. पण घर जागेवर असतं हो! एकदा दिशा सापडली की वादळ होईपर्यंत बघायला नको. आमची बार्ज, म्हणजे माल वाहायची सपाट बोट, दाभोळच्या खाडीत एका नांगरावर उभी होती. भरती लागली की तिचं तोंड समुद्राकडे, ओहोटी लागली की डोंगराकडे, आणि मधल्या वेळात ती सावकाश गिरकी घेत राहायची. टीव्हीचा मनोरा मात्र रत्नागिरीच्या बाजूला जिथल्या तिथे. म्हणजे हिरोने हिरॉइनचा हात धरावा, तेवढ्यात बार्ज वळलीच, आणि दोघंही मुंग्यांत बुडाले!

ह्यांचं नाव काशिनाथ डोर्लेकर. त्या बार्जचे सारंग, म्हणजे बोटीवरचे मुख्य. बंदरातली झाडून सगळी माणसं त्यांना सारंग म्हणायची, म्हणून मीसुद्धा पाठीमागे सारंगच म्हणायची. तोंडावर अर्थात अहो.

मुख्य म्हणजे तरी कोणाचे मुख्य? बार्जवर दुसरं कोणी नव्हतंच. बार्जचे मालक दोन भागीदार. त्यांचं आपसात फाटलं आणि ते कोर्टात गेले. आमच्या शेठना वकिलांनी सांगितलं, काही झालं तरी ताबा सोडू नका, बार्जवर कायम तुमचा माणूस दिसला पाहिजे. रिकामी सापडली की दुसरा भागीदार आपली माणसं चढवून मोकळा होईल. खलाशी बिचारे पोटापाण्यासाठी दुसऱ्या बोटींवर गेले. सारंग राहिले. आमचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. दिवाळी झाल्यावर हे मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर थोडे दिवस. तुलाही हवापालट होईल."

हवापालट! हवा भरपूर होती. पालटायला दुसरं काही नव्हतं.

नियम एकच होता, पण तो गळ्यातल्या दाव्यासारखा. दोघांनी एकदम उतरायचं नाही. हे बाजारात गेले तर मी बार्जवर, मी देवळात गेले तर हे बार्जवर. दिवाळीनंतर उस्मानचाचांच्या होडीतून आम्ही दोघं मिळून बार्जवर चढलो, त्यानंतर एकत्र जमिनीवर म्हणून उभे राहिलो नव्हतो. बाकीची नवी जोडपी गणपतीपुळ्याला जातात, फोटो काढतात. आमचा फोटो कोणी काढलाच असता, तर मागे गंजलेला पत्रा आणि पुढे दोरीवर वाळणारे बोंबील.

दिवसभर काय करायचं? पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चालायचं आणि परत यायचं. पत्रा तापला की केबिनमध्ये बसायचं, केबिन तापली की पत्र्यावर यायचं. किनारा एवढा जवळ की दाभोळच्या धक्क्यावर कोण बाई कोणत्या रंगाचं लुगडं नेसून आलीय ते दिसायचं. वळणावरून एसटी खाली उतरायची, हॉर्न द्यायची, थोड्या वेळाने माणसं घेऊन वर चढायची. मी कठड्याला धरून ती झाडीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. एकदा सारंग म्हणाले, "काय बघतेस एवढं? लाल डबा तो." मी म्हटलं, "तो डबा हलतो तरी!"

त्यातून मला दिवस गेले. गणपतीच्या सुमाराला बाळंत होणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, पोफळीला, हे ठरलेलंच होतं, आणि एकटी जायचं तर मला कोणी अडवलंही नसतं. पण मी गेले की हे त्या पत्र्यावर एकटे, आणि बार्ज रिकामी टाकता येत नाही म्हणून पोराचं तोंड बघायलासुद्धा येऊ शकणार नाहीत. ते काही मला सहन होईना. मी एकदा भांडून, रडून, नाक पुसून स्पष्ट विचारलं, "आपण दोघं इथून कधी उतरणार, ते सांगा."

"पावसाच्या आत," सारंग म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. शेठ बदली माणूस देतायत. पाऊस लागायच्या आत आपण दोघं पोफळीला."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी विश्वास ठेवला. खोटं बोलणारा माणूस नव्हता हो. खोटं बोलायला लागले की कान लाल व्हायचे, आणि तेव्हा अंधार पडत आला होता, कान दिसले नाहीत.

होळीनंतर शेठनी टीव्ही पाठवला. बॅटरीवर चालणारा, काळा-पांढरा, एवढासा. सोबत घराच्या छपरावर लावतात तसला साधा अँटेना. मला खरंच आनंद झाला. वाटलं, जायचे दिवस जवळ आलेत, तेवढ्यात चार पिक्चर बघून घेऊ. पण बार्जवरचा टीव्ही म्हणजे काय प्रकार असतो ते सांगितलंच. मी पोटुशी, म्हणून सारंग मला टपावर चढू देत नव्हते. म्हणून ते वर, मी खाली. ते दांडी फिरवत राहायचे, मी आलं-गेलं सांगत राहायची. चित्र स्थिर झालं म्हणून त्यांनी शिडीवरून खाली यावं, दारातून आत डोकं घालावं, तोवर बार्ज तसूभर वळलेली असायची. परत वर. बार्जवर असेपर्यंत त्या माणसाने टीव्ही कधी पाहिलाच नाही, नुसता ऐकला. पिक्चर संपला की खाली येऊन, पाय चोळत विचारायचे, "मग शेवटी त्याची आई सापडली का?" आणि मी त्यांना भात वाढता वाढता सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. आता लिहिताना हसू येतं, पण खरं सांगते, इतक्या प्रेमाने माझ्यासाठी कोणीही काही धरून उभं राहिलं नाही. त्यांच्यावर जीव होता म्हणूनच तिथे अडकल्याचा राग दुप्पट यायचा.

वैशाखात एका सकाळी शेठचे मुनीम आले, बेंडखळे. गुळगुळीत माणूस. पांढरीशुभ्र पँट, आणि बार्जवर चढताना ती कुठे घासू नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरलेली. त्यांनी टपावरचा अँटेना बघितला आणि हसायला लागले.

"सारंग, हे काय? हा तर चाळीवर लावायचा! वहिनी, दिसतं का काही यात?"

"दिसतं की," मी म्हटलं, "भरतीला बातम्या दिसतात आणि ओहोटीला त्या संपलेल्या असतात."

"छे छे! शेठनी मुद्दाम सांगितलंय. वहिनींना घेऊन जा, दाभोळला तांब्यांच्या दुकानात बोटीला चालेल असा चांगला अँटेना त्यांच्या पसंतीने घ्या. खर्च कंपनीचा. चला वहिनी, आत्ताच चला. सारंग इथे आहेतच."

सारंग इथे आहेतच! जसा काही नांगरच. पण मी उड्या मारत साडी बदलायला गेले. किनाऱ्यावर जायला मिळणार म्हटल्यावर मी अँटेनाच काय, विटा आणायलाही गेले असते. होडीत उतरताना सारंगांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "लांब दांड्यांचा मिळतो एक, तो घे. त्याचं चित्र कडक येतं म्हणे."

"पण तो आणखी फिरवावा लागेल."

"मग? फिरवायला मी आहे की."

उस्मानचाचांनी होडी सोडली. चाचा म्हणजे आमचा किनाऱ्याशी एकुलता एक धागा. पाणी, तांदूळ, गावच्या बातम्या, सगळं त्यांच्या होडीतून यायचं. धक्क्यावर पाय ठेवला आणि मी डुललेच. जमीन हलत नाही याची सवय गेली होती. चाचा हसले, "काय गो, दर्या डोक्यात शिरला तुझ्या."

तांब्यांचं दुकान म्हणजे पुढे पंखे, मागे रेडिओ आणि मध्ये तांबे. त्यांनी कौतुकाने अँटेना काढून मांडले.

"हा बघा लांब. दांड्या जास्त, त्यामुळे दूरचं ओढतो. चित्र एकदम कडक. पण तोंड बरोबर मनोऱ्याकडे हवं, जरा हललं की संपलं."

"आणि हा ताटलीसारखा?"

"हा गोल. खास बोटीसाठी. एका ट्रॉलरवाल्याने मागवला आणि फिरकलाच नाही. हा चारही बाजूंनी पकडतो, बोट कशीही फिरू दे. चित्र त्या लांबवाल्याइतकं स्वच्छ नाही, थोडं दाणेदार. पण जात नाही. सोबत हा बूस्टर, बॅटरीवर चालतो."

"म्हणजे फिरवावा लागत नाही?"

"अजिबात नाही. एकदा बांधला की विसरा. नाहीतर वर एक माणूस, खाली एक माणूस, ती कटकट असते ना? याला ती नाही. एकटा माणूससुद्धा आरामात बघेल."

मी लांबवाल्याला हात लावून बघत होते. कडक चित्र, सारंग म्हणाले होते. आणि गोल अँटेना आणला तर सारंग टपावर उभे राहून काय करतील, असाही एक खुळा विचार मनात आला.

"किती दिवस वापरायचाय?" तांब्यांनी विचारलं. "त्यावरून सांगतो. लांबवाला खाऱ्या हवेत वर्षभरात खलास. गोलवाल्याला वर डबा आहे, चार-पाच वर्षं सहज जाईल."

"फार दिवस नाही हो. आम्ही पावसाच्या आत उतरतोय."

बेंडखळे बाजूला स्टुलावर बसून सोडा पीत होते. त्यांनी बाटली खाली ठेवली. "पावसाच्या आत? कोण म्हणालं?"

"आमचे हे म्हणाले. शेठ बदली माणूस देतायत ना?"

"बदली कसला, वहिनी! सारंगांनी शिमग्यालाच कबूल केलंय, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत राहतो म्हणून. तेव्हाच तर शेठ खूश झाले आणि टीव्ही पाठवला."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "निकाल कधी लागायचाय?"

"कोर्टाचं कोणी सांगावं! दोन वर्षं लागतील, चारही लागतील. म्हणून तर चांगला अँटेना घ्या म्हणतोय."

"आणि माझं बाळंतपण?"

"इथे दवाखाना आहे की. तेवढे दिवस मी बसवतो कोणालातरी. मग बाळाला घेऊन परत बार्जवर. मोकळी हवा, ना धूळ ना गर्दी. पोरगं टीव्ही बघत मोठं होईल!"

"ह्यांनी बदली मागितला नव्हता?" माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला.

"मागितला होता ना. शेठ म्हणाले, घरची लक्ष्मी सोबत असताना बदली कशाला? एक उतरला तर एक वर आहेच." मुनीम मनापासून हसले. "आमच्या हिशेबात तुम्हीच दुसरा माणूस, वहिनी!"

हसू नका, असं तांब्यांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलेलं मला दिसलं. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. मी बायको म्हणून सोबतीला गेले होते, आणि तिथे मला पहारेकरी धरलं होतं! मी बार्जवर होते म्हणून बदली येत नव्हता. बदली येत नव्हता म्हणून सारंग उतरत नव्हते. आणि सारंग उतरत नव्हते म्हणून मी तिथे होते. म्हणजे आम्हीच एकमेकांना कोंडून ठेवलं होतं. आणि त्या भल्या माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, पावसाच्या आत! मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की रडूसुद्धा येईना.

"मग कुठला बांधू?" तांब्यांनी हळूच विचारलं.

"गोल," मी म्हटलं.

बेंडखळे पैसे देऊन, पँट झटकून आपल्या कामाला गेले. मी खोका उचलून धक्क्यावर आले. उस्मानचाचांनी होडी जवळ ओढली. "चल बैस."

"मी नाही येत, चाचा. एवढा खोका सारंगांना द्या."

"म्हणजे? भांडलात काय?"

"अजून नाही." मी खोका होडीत ठेवला. "त्यांना सांगा, मुनीम सगळं बोलले. शिमग्यातलं. आणि सांगा, मी गोल आणलाय. हा फिरवावा लागत नाही आणि खाली बसून आलं-गेलं सांगायलाही कोणी लागत नाही. एकट्याने बघता येतो. चिपळूणवरून पोफळीला जाणारी गाडी येईपर्यंत मी इथे बसलेय. मग मी चालले माहेरी."

चाचांनी दाढी खाजवली. "पोरी, सारंग माणूस बोट सोडून उतरत नाय. बोट बुडत असली तरी सगळ्यांच्या शेवटी उतरतो. तुला कल्पना नाय, आमच्यात ह्या गोष्टीला काय मान आहे."

"मला चांगली कल्पना आहे. त्या मानापायीच माझं हे झालंय. जा तुम्ही."

चाचा गेले. मी धक्क्यावरच्या दगडावर बसले. ऊन मी म्हणत होतं. माझ्याजवळ नेसती साडी, हातात पर्स, बस्स. समोर बार्ज, तिच्यावर ते. एरवी मी तिथून इकडे बघायची, आज इथून तिकडे बघत होते. होडी लागली. चाचांनी खोका वर दिला. दोघं बोलत उभे राहिले. सारंगांनी एकदा किनाऱ्याकडे बघितलं. मी मान फिरवली आणि लगेच परत वळवली. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर, पण मी हाक मारणार नव्हते. मी काही चुकले नव्हते.

चाचा परत आले ते एकटेच.

"काय म्हणाले?"

"काय नाय. तू सांगितलंस तसं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. खोका हातात घेऊन उभे राहिले."

"काहीच बोलले नाहीत?"

"विचारलं, तिने काय खाल्लंय काय."

मग मात्र मला रडू फुटलं. काय करायचं अशा माणसाचं? खोटं बोलायचं, कोंडून ठेवायचं, आणि वर विचारायचं जेवलीस का! चाचा शेजारी उकिडवे बसले आणि उगाच पाण्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात सारंग शिडी चढून टपावर गेलेले दिसले. खाली बसले, अँटेनाच्या बुडाशी काहीतरी करू लागले. थोड्या वेळाने जुना अँटेना आडवा झाला. त्यांनी तो उतरवला, दांडी सोडवली, दोरी गुंडाळली. सगळं सावकाश, नेहमीसारखं नीट.

"बघा," मी म्हटलं, "बघा तुमचा सारंग! जुना काढला. आता नवा बसवतोय!"

मी उठले. पोर आतून लाथा मारत होतं. वळणावर हॉर्न वाजला, गाडी घाट उतरत होती. मला वाटलं, ठीक आहे. बघू दे एकट्याने. रविवारचा पिक्चर बघू दे, त्याची आई सापडते की नाही ते डोळ्यांनी बघू दे एकदाचं. मी पदर खोचला आणि स्टँडच्या दिशेने चालू लागले.

"थांब गो!" मागून चाचा ओरडले. "हिकडे ये! दिवा बघ!"

"कसला दिवा?"

"पुढच्या काठीला. दिवा लावला सारंगाने!"

बार्जच्या पुढच्या टोकाला, त्या रणरणत्या उन्हात, काठीवर कंदील टांगलेला होता. ज्योत काही दिसत नव्हती, नुसती काच चमकत होती. मला त्यात काय बघायचं ते कळेना.

"नांगरावरच्या बोटीने रात्री दिवा लावायचा असतो," चाचा होडीचा दोर सोडता सोडता म्हणाले, "जाणारायेणारा आदळू नये म्हणून. सारंग संध्याकाळी लावतो, सकाळी उतरवतो. भर दुपारी कोण लावतो काय? रात्री लावायला माणूस नसला तरच लावतो!" आणि ते वल्ही मारायला लागले. त्या वयात एवढ्या जोरात वल्ही मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी तिथेच उभी राहिले. सारंगांनी केबिनचं दार ओढून घेतलं, कडी लावली, हलवून बघितली. नांगराच्या साखळीपाशी वाकून साखळी तपासली. मग कठड्यापाशी आले आणि होडीची वाट बघत उभे राहिले. काखेत खोका.

ते धक्क्यावर उतरले आणि डुलले. मी त्यांचा कोपर धरला. ते सारखे वळून बार्जकडे बघत होते.

"रिकामी आहे गं," ते म्हणाले.

"असू दे."

"जुना अँटेना काढून बांधून ठेवला. वाऱ्याने पडला तर केबिनची काच फुटेल."

"बरं केलंत."

"शेठना नाही म्हणता आलं नाही. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही."

"मला बरं खोटं सांगता आलं! डोक्यावर हात ठेवून!"

त्यांचे कान लालभडक झाले. मग त्यांनी काखेतला खोका पुढे केला. तांब्यांनी बांधलेली सुतळी तशीच होती. "हा मी उघडला नाही. परत घेईल का तो?"

मला एकदम हसू आलं, रडता रडताच. मी म्हटलं, "मुनिमाला द्यायला सांगू चाचांना. चला, गाडी सुटेल."

पुढे काय झालं ते त्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या भागीदाराची माणसं दुसऱ्याच दिवशी बार्जवर चढली. शेठनी बंदरोबंदरी सांगितलं, डोर्लेकर बोट टाकून पळाला. सारंगाचं नाव बुडायला एवढा शब्द पुरतो. त्यांना परत कोणी बोट दिली नाही, अगदी भाच्याने ट्रॉलर घेतला तेव्हा त्यानेही नाही. वडिलांच्या ओळखीने ते पोफळीला वीज केंद्राच्या पंपावर लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दाराबाहेर उभे होते. कधी मी विचारलंच, बोट सुटल्याचं वाईट वाटतं का, तर लपवायचे नाहीत. "वाटतं," म्हणायचे. "पण तिकडे असतो तर जास्त वाटलं असतं."

त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाडीत शेवटची सीट मिळाली. गाडी वळणं घेत वर चढायला लागली. सारंग खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते, समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तरी त्यांनी दांडी सोडली नाही. कंडक्टर डुलत डुलत मागे आला.

"कुठे?"

"पोफळी," मी म्हटलं.

"किती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सारंगांनी दांडी सोडली आणि खिशात हात घातला.

"दोन," ते म्हणाले.